तळाचं शीत

"अम्मीचं मीच सांगतो ना. तुम्ही लिहून घ्या."

नियाज असं म्हणाला आणि माझ्या हातातली बशी वाजली. सोफ्याच्या कडेवर टेकलेली मुलगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. गळ्यातल्या ओळखपत्रावर उल्का असं नाव, मांडीवर टॅब्लेट आणि पायांवर वाघोलीची धूळ. वाघोलीत सध्या जिकडे बघावं तिकडे खोदकाम, त्यात ही पोरगी सकाळपासून घरोघर फिरत होती. शहराच्या कडेला राहणारी माणसं कशी राहतात, काय करतात, अशी कुठल्याशा संस्थेची पाहणी होती.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने रीतसर विचारलं होतं, घरात मोठी माणसं कोण कोण? तिघं. नियाज, त्याची बायको आणि आई नसीमबानू. बायको इथल्याच कॉलेजात शिकवते, ती तिकडे गेलेली. मग या तिघांत सगळ्यांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला? ज्याचा झाला असेल त्यालाच पुढचे प्रश्न विचारायचे, असा नियम. नियाजचा मार्चमधला, बायकोचा दिवाळीच्या आसपासचा, आईचा एक जून. आणि जूनचा पहिला पंधरवडा अजून संपायचा होता.

"पण ती तारीख खरी नाहीये हो," नियाज हसत म्हणाला होता. "शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. कधी जन्मली ते अम्मीला स्वतःलाच माहीत नाही."

"कागदावरची असली तरी चालते, सर. ॲपने यांचंच नाव काढलंय."

त्यावर नियाज म्हणाला ते पहिलं वाक्य, की अम्मीचं मीच सांगतो.

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या नसीमबाई आमच्यासमोरच होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगावर फिक्या निळ्या रंगाची सुती साडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, हात अर्धामुर्धा सावरला, बोलणं तेवढं मागे राहिलं. गेलं नव्हतं, पण मंदावलं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की शब्द शोधायला त्यांना वेळ लागेल, तो द्या. तुम्ही पुरवायला लागलात तर त्या शोधायच्या सोडून देतील.

नियाज वाईट मुलगा नाही. उलट असा मुलगा हल्ली शोधून सापडायचा नाही. आईला हाताला धरून रोज फिरवतो, तिच्या गोळ्या स्वतः देतो. पण तिची ती शब्दासाठीची तगमग त्याला बघवत नाही. बाईंनी नुसता ओठ हलवला की हा पाणी आणायचा, पंखा लावायचा, उशी सरकवायचा आणि वर "हेच ना, अम्मी?" विचारायचा. बाई मान हलवायच्या. दरवेळी खरोखर तेच असायचं का, देव जाणे. ईद होऊन गेली तसं त्यांनी ओठ हलवणंही सोडलं. मी अधूनमधून त्यांना भेटायला येतो, येताना आमच्या हिने दिलेलं लिंबाचं लोणचं आणतो. गेल्या काही फेऱ्यांत मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. परतीच्या वाटेवर मला फार वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, एकदोनदा डोळ्यांत पाणीही आलं.

आता या बाई कोण, हे सांगितल्याशिवाय माझी बशी का वाजली ते कळायचं नाही.

मी दिगंबर. राहणार नारायण पेठ. आमच्या पेठेत सरळ बोललं तर लोकांना बरं वाटत नाही, तेव्हा बोलणं थोडं तिरकं वाटलं तर चालवून घ्या. पुण्यातल्या एका संस्थेत मी जीपचा ड्रायव्हर होतो. आमच्या संस्थेचं काम म्हणजे लोकांना प्रश्न विचारणं. कोण काय खातं, कोण किती शिकलं, दवाखान्यात कोण जातं, कोण जात नाही. नसीमबाई तिथे पाहणीचं काम करायच्या. वडील मकसूदमियाँ गंज पेठेत पुस्तकांची बांधणी करायचे. घरात छापील कागद चिक्कार, वाचायला बसलेली ही एकटी. मॅट्रिक झाल्या आणि संस्थेने घेतल्या, कारण बायकांना प्रश्न विचारायला बाई हवी होती. नवरा लवकर गेला. नियाजला नानीपाशी ठेवून बाई जीपमध्ये बसायच्या, त्या निवृत्त होईपर्यंत बसत राहिल्या.

"आमच्याच घरी का आलात?" असं दर गावात कुणीतरी विचारायचंच. पुण्यात तर दाराची साखळी न काढता विचारायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "भात शिजला का ते बघायला अख्खं पातेलं खातो का आपण? एक शीत दाबून बघतो. या वेळी ते शीत तुम्ही." लोक खूश व्हायचे. शीत होण्यातही मान असतो.

जीपमध्ये बसल्यावर मात्र त्या मला उरलेलं अर्धं सांगायच्या. "दिगंबरराव, शितावरून भाताची परीक्षा हे खरं. पण शीत उचललं कुठून? सगळे वरवरचंच उचलतात. वरचं मोकळं, पांढरंशुभ्र. खाली करपलेलं असतं ते कुणाच्या हाताला लागतच नाही."

वरचं शीत म्हणजे काय ते मी रोज बघत होतो. दार उघडणारा माणूस, दिवसा घरी असणारा माणूस, बोलका माणूस, गाडी बघून स्वतःहून पुढे येणारा माणूस. "या, बसा, विचारा!" असं म्हणणाऱ्याच्या घरी चहा पिऊन सगळी पाहणी उरकता आली असती. बाकीचे काही जण तशी उरकायचेही. घर बंद दिसलं की शेजारच्या घरात शिरायचे, कागद भरला की काम झालं. बाई बंद घरी परत जायच्या. आज नाही तर उद्या, सकाळी नाही तर संध्याकाळी. मी चिडायचो. "अहो बाई, शेजारी बसलेत की पंगत मांडून, त्यांना विचारा ना!" त्या म्हणायच्या, "ते बोलतीलच हो. ते कायमच बोलतात. या बंद घरात कोण राहतं ते मला बघायचंय."

घर उघडं मिळालं तरी त्रास संपायचा नाही. जिला प्रश्न विचारायचे ती सून मान खाली घालून बसलेली आणि उत्तरं द्यायला सासू, सासरा, नवरा, दीर हजर. "तुम्ही आजारी पडलात तर दवाखान्यात जाता का?" असं बाईंनी विचारलं, की नवरा म्हणणार, "जाते की! न्यायला मी आहे ना!" एकदा अशाच एका घरातून बाहेर पडल्यावर बाई जीपमध्ये बसल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आज चौघांशी बोलले, दिगंबरराव. जिच्याशी बोलायचं होतं ती सोडून."

यावर उपाय आम्हाला जीपनेच दाखवला. एका गावात ती खरंच बंद पडली. मी बॉनेट उघडलं आणि बघता बघता घरातले, शेजारचे, पारावरचे सगळे पुरुष जीपभोवती. प्रत्येकाला वेगळा रोग दिसत होता. आत सून एकटी, आणि बाईंचं काम झकास. पुरुषाला जगात दोन गोष्टी बघितल्यावाचून राहवत नाही, एक जेसीबी आणि दुसरं उघडं बॉनेट. तेव्हा जेसीबी नव्हते, पण बॉनेट होतं. त्या दिवसापासून आमचं ठरलं. घरात फार गर्दी झाली की बाई चष्मा काढून पदराने पुसायला लागायच्या. तो मला इशारा. मी उठायचो, "गाडी जरा आवाज करतेय" म्हणून बॉनेट उघडायचो आणि घरधन्याला हाक मारायचो. सासवा मात्र त्याला बधायच्या नाहीत. त्यांच्याकडे मी पाणी मागायचो आणि पाण्याबरोबर गुडघेदुखीवर औषध विचारायचो. त्या औषधांतली निम्मी मी खरोखर करून पाहिली. एकाचाही गुण आला नाही.

बाई घरी जाऊन हे सगळं नियाजला सांगायच्या. पोरगा पोट धरून हसायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मांजरी गावची गोष्ट त्याच काळातली. तेव्हा मांजरी म्हणजे नुसता ऊस. आमच्या साहेबांनी त्या वर्षी ही वाढदिवसाची पद्धत नवी आणली होती. घरात शिरायचं, अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला विचारायचं, त्यालाच धरायचं, म्हणजे पुढे पुढे करणाऱ्याला वाव नाही. शहरात पद्धत छान चालली. आमच्या पेठेत तर लोकांनी तारखेबरोबर जन्मवेळ आणि नक्षत्रही सांगितलं. मांजरीत हिंदुरावांच्या घरी गेलो आणि गाडं अडलं. हिंदुराव एक जून. धाकटा भाऊ एक जून. हिंदुरावांची बायको एक जून. शाळेतल्या गुरुजींनी सगळ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. आणि हिंदुरावांची आई सोजरबाई, ती शाळेतच गेली नव्हती, म्हणून तिला एक जूनसुद्धा नव्हता.

नसीमबाई मोठ्याने हसल्या. "माझाही एक जूनच हो!" त्या म्हणाल्या. मग हिंदुरावांच्या बायकोने त्यांच्या चहात जास्तीची साखर घातली.

साहेबांना हे सांगितल्यावर त्यांनी टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चूक आमची. चिठ्ठ्या टाका." दुसऱ्या दिवशी आम्ही परत मांजरीला. बाईंनी घरातल्या मोठ्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाकल्या आणि वाटी हिंदुरावांपुढे धरली. त्यांनी मोठ्या ऐटीत एक उचलली. सोजरबाई.

"ही ऱ्हाऊ द्या," हिंदुराव म्हणाले. "दुसरी काढतो."

"चिठ्ठी एकदाच निघते, हिंदुराव."

"आवं, पन आईला काय इचारनार? तिला काय कळतंय? काय इचारायचं ते मला इचारा. लिवा, वय सत्तर. काम काय नाय. बसून असती."

सोजरबाई ओसरीच्या टोकाला खरंच बसून होत्या. जात्यावर बसून तूर भरडत होत्या. मुलाचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक, जातं थांबलं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

मी उठलो. बॉनेट उघडलं. हिंदुराव आले, भाऊ आला, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा बजरंग आला. आता हा बजरंग म्हणजे हाडाचा कारागीर. बाकीचे नुसता सल्ला द्यायचे, याने खिशातून पाना काढला. "कारबोरेटरमधी कचरा हाय," म्हणाला. मी म्हटलं, "असू दे, असू दे." तो कसला ऐकतोय! पोत्यावर एकेक भाग काढून मांडला. मी घाबरून ओसरीकडे बघितलं, तर दोघी समोरासमोर बसलेल्या आणि कुणीच काही बोलत नव्हतं. जातं थांबलेलं. म्हटलं, झालं, इकडे जीपचा जीव घेतला आणि तिकडे म्हातारी मुकी.

पण मग थोड्या वेळाने सोजरबाईंचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. हळू सुरू झाला, मधे थांबला, परत सुरू झाला. नंतर तो थांबेचना. हिंदुरावांनी दोनदा मान वळवून बघितलं. "आई एवढं कुनाशी बोलती?" ते भावाला म्हणाले. भावाला तरी काय माहीत?

बाई बाहेर आल्या तेव्हा जीप खरोखरच बंद होती. बजरंगने सगळं परत जोडलं, पण एक स्प्रिंग पोत्यावर उरली. ती कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. हिंदुरावांनी ट्रॅक्टर जोडून आम्हाला हडपसरपर्यंत ओढत आणलं. निघताना त्यांनी विचारलंच, "काय म्हनली हो आई?"

"ते नाही सांगता येत."

"आवं, माझीच आई हाय!"

"तुमचीच आहे. म्हणूनच नाही सांगता येत."

वाटेत मीही विचारून पाहिलं. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं, की दिवसभर तुम्ही काय करता असं विचारल्यावर सोजरबाई आधी "काय नाय" म्हणाल्या. मुलगा म्हणाला होता तेच. "मग मी गप्प बसले," बाई म्हणाल्या. "प्रश्न विचारला की गप्प बसायचं, दिगंबरराव. खरं उत्तर पहिल्या उत्तराच्या मागे उभं असतं, त्याला पुढे यायला वेळ लागतो. मधे आपण बोललो तर जे येतं ते आपलं असतं, त्यांचं नसतं." सोजरबाई पुढे काय बोलल्या ते बाईंनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. मीही नाद सोडला.

आता समजलं असेल बशी का वाजली.

उल्का टॅब्लेटवर बोट फिरवत होती. तिला घाई होती, ते दिसतच होतं. "सर, आधी घरातल्या सगळ्यांचं बेसिक घेते. तुमचं काम?"

"इंजिनिअर. चाकणला, गाड्यांच्या कारखान्यात."

"मॅडम कॉलेजमध्ये लेक्चरर. आणि आई?"

"अम्मी? काही नाही," नियाज म्हणाला. "घरीच. बसून असते."

त्याच्या मनात काही नव्हतं हो. सरळ, प्रेमाने म्हणाला. मी बाईंकडे बघितलं. बाई उल्काच्या बोटाकडे बघत होत्या. किती घरांत त्यांनी स्वतः हेच वाक्य ऐकलं होतं आणि लिहायला नकार दिला होता! आज ते त्यांच्याच नावापुढे लिहिलं जात होतं आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

"सर, मग असं करू का?" उल्का म्हणाली. "इथे 'उत्तर देण्यास असमर्थ' असा ऑप्शन आहे. तो टाकला की पुढचं नाव येईल, म्हणजे तुमचंच. लवकर होईल."

"बेस्ट! तेच टाका," नियाज म्हणाला.

तिचं बोट खाली जायला लागलं. आणि बाईंचा डावा हात वर गेला.

सावकाश. कानापाशी जरा चाचपडला. मग त्यांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला, पदराचं टोक डाव्याच हातात कसंबसं पकडलं आणि भिंग पुसायला घेतलं. चष्मा घसरत होता. त्या परत धरत होत्या, परत पुसत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पूर्वीही कधी बघायच्या नाहीत.

मी एवढ्या घाईने उठलो, की गुडघ्याने आठवण करून दिली. "थांब गं पोरी," मी उल्काला म्हणालो. "असमर्थ कुणी ठरवलं? तू विचारलंस का त्यांना?"

"तसं नाही, काका, पण..."

"विचार. मराठीतच विचार, त्यांनी जन्मभर मराठीतच विचारलंय. आणि एक कर. विचारलंस की गप्प बस. कितीही वेळ लागू दे, तू मधे बोलायचं नाही."

"काका, माझी अजून बरीच घरं बाकी आहेत आज."

"असू देत. आत्ता तू या घरात आहेस." मग मी नियाजकडे वळलो. "नियाज, जरा बाहेर ये रे. गाडी आवाज करतेय."

"आत्ता? काका, हे होऊ दे ना."

"मला परत नारायण पेठेत जायचंय. वाटेत बंद पडली तर ढकलायला तू येणार आहेस का?"

माझी म्हाताऱ्या माणसाची म्हातारी गाडी तळमजल्याच्या खिडकीसमोरच उभी होती. नियाज कुरकुरत आला. मी बॉनेट वर केलं, गाडी चालू केली. त्याने वाकून कान दिला. आता गाड्यांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला इंजिनाच्या नावाने फसवायचं म्हणजे सोनाराला पितळ विकायचं. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"काका, इंजिन एकदम मस्त आहे. घड्याळासारखं चाललंय."

"नीट ऐक."

"ऐकतोय ना. काहीही आवाज..." आणि तो मधेच थांबला. त्याने बॉनेटकडे बघितलं. मग माझ्याकडे. लहानपणी पोट धरून हसायचा ना, त्याला ते सगळं आठवलं असणार. चेहरा एकदम उतरला. "काका," तो हळू म्हणाला, "अम्मीने चष्मा पुसला?"

"पुसला."

"मी समोरच होतो. मला वाटलं, धूळ बसलीय." त्याने दोन्ही हात गाडीवर टेकवले. "म्हणजे मी..."

"अरे, तू काही केलेलं नाहीस. गाडी बघ."

मी इंजिन बंद केलं, कारण आतलं काही ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं उघड्या बॉनेटवर वाकून उभे राहिलो. रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाने थांबून बॅटरी बघा असा सल्ला दिला आणि पुढे गेला. पुणं वाढलं तरी माणसं तीच.

खिडकीतून उल्काचा आवाज आला. प्रश्न विचारला असावा. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, पोरगी आता बोलणार. तिच्या डोक्यावर घरं, मागे लागणारे साहेब, तिचं तरी काय चुकलं असतं? पण ती बोलली नाही. शाबास, पोरी, मी मनात म्हटलं.

मग बाईंचा आवाज आला.

शब्द नव्हता तो, शब्दाची सुरुवात होती. एक अक्षर, मग श्वास, मग परत तेच अक्षर. नियाज झटक्याने सरळ झाला. त्याचा पाय घराकडे वळलाच. त्याला तो शब्द माहीत होता, त्याच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. आईला बिचारीला एवढी तडफड कशाला, मी देतो ना, असं त्याच्या सगळ्या अंगावर लिहिलेलं. मी इंजिनातली तेल बघायची पट्टी उपसली आणि त्याच्या हातात दिली.

"धर. तेल खाली सांडेल, तुमच्या सोसायटीचे लोक ओरडतील."

त्याने ती धरली. दोन्ही हातांनी धरली. ओठ घट्ट मिटून घेतले आणि पट्टीच्या टोकाकडे बघत उभा राहिला. आतलं अक्षर अडखळलं, थांबलं, पुन्हा आलं आणि मग पुढे सरकलं. पुढचं कुठलं ते आम्हाला कळलं नाही. पण आवाज चालू होता. मधे मोठा खंड पडायचा, आम्ही दोघं श्वास धरून, आणि पुन्हा चालू व्हायचा. नियाज रडत होता. पुसायला हात मोकळे नव्हते. मी बॅटरी बघितल्यासारखं केलं.

उल्का बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. "झालं," ती म्हणाली. "खूप वेळ लागला, पण सगळं त्यांनी स्वतः सांगितलं. आणि काका, त्यांनी माझा एक प्रश्नही दुरुस्त केला."

मला हसूच आलं. करणारच!

"काय म्हणाली?" नियाजने विचारलं. "कामाचं काय सांगितलं? अजून काय म्हणाली ती?"

उल्काने टॅब्लेट छातीशी धरला. थोडी घुटमळली. "सॉरी, सर. ते नाही सांगता येत."

"अहो, माझी आई आहे ती!"

"हो, सर. पण कॉन्फिडेन्शियल असतं." आणि चपला सावरत ती शेजारच्या इमारतीकडे निघाली.

नियाज माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी सांगणार होतो. मी खांदे उडवले. मला मांजरीचंच अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याने पट्टी माझ्या हातात दिली आणि आत गेला. खिडकीतून मला दिसत होतं. तो नेहमीसारखा आईच्या मागे उभा राहिला नाही, उशी सरकवली नाही. उल्का बसली होती तिथे, सोफ्याच्या कडेवर, बाईंच्या समोर बसला. बाईंनी चष्मा परत लावला होता. त्याने काहीतरी विचारलं, थोडंसंच. आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तोही बघत राहिला. उठला नाही, बोलला नाही.

मला निघायला उशीर होत होता. पण मी बॉनेट लगेच लावलं नाही. जुनी गाडी, लावताना फार मोठा आवाज होतो.